वैनीच्या छातीचा फोटो

वैनीने मला ती गाठ दाखवली तेव्हा आम्ही दोघी मागच्या पडवीत चुडतांची झापं विणत बसलो होतो. पावसाआधीचं हे काम. माडाच्या झावळ्या भिजवायच्या, विणायच्या आणि पडवीला बाहेरून बांधायच्या. वैनी म्हणजे माझी थोरली जाऊ. माझा नवरा तिला वैनी म्हणायचा म्हणून मीही तेच म्हणू लागले. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांकडे होता, आमच्या गावात वीज आली नव्हती, आणि नव्या सुनेच्या तोंडाला कुलूप कसं घालायचं ते सासरी कुणाला जमत नव्हतं. वैनी माझ्या अगदी उलट. कुणी काही मागितलं आणि ती नाही म्हणाली असं मी पाहिलं नाही. त्याचा मला तेव्हाही राग यायचा.

तिने आजूबाजूला पाहिलं, माझा हात धरला आणि चोळीच्या आत डाव्या अंगाला नेऊन ठेवला.

"हाताक काय लागता?"

आवळ्याएवढं काहीतरी लागत होतं. टणक, आणि एका जागी बसलेलं.

"कधीपासून आसा ह्या?"

"शिमग्याच्या आदीपासून."

"दुखता?"

"दुखत नाय गो. म्हणानच भिया वाटता."

मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगूया म्हटलं, तर ती नको म्हणाली. कसल्या कसल्या पाल्यांचा लेप लावून तिने पंधरवडा घालवला. मग एके दिवशी मीच चुलीपुढे सासूबाईंना सांगून टाकलं. सासूबाईंनी ना आरडाओरडा केला, ना त्या रडल्या. बाई खंबीर होती. भर तारुण्यात नवरा दर्यात गेला, पदरात दोन मुलगे, आणि तिने माड राखून, मासे सुकवून दोघांना वाढवलं होतं. थोरला परदेशी जाणाऱ्या बोटीवर खलाशी झाला, धाकटा, माझा नवरा, शाळामास्तर. वैनीला मूल नव्हतं, पण त्यावरून सासूबाई तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत. कुणी बोललंच तर त्याची धडगत नसे.

तालुक्याच्या डॉक्टरने हात लावून बघितलं आणि घाटावरच्या एका मोठ्या शहरातल्या सर्जनकडे चिठ्ठी दिली. थोरले दीर, मी त्यांना भाऊजी म्हणायचे, तेव्हा कुठल्या समुद्रावर होते देव जाणे. त्यामुळे माझा नवरा, सासूबाई आणि वैनी असे तिघे कुडाळवरून आंबोलीच्या घाटाने एस्टीने गेले. मी घरी राहिले, कारण गाय व्यायला झाली होती.

इथे सासूबाईंची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. सासरे मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. एके सकाळी विहिरीवर आंघोळ करताना सासूबाईंचं मंगळसूत्र तुटलं, काळे मणी चिखलात विखुरले. दिवस कामाचे होते. संध्याकाळी ओवू म्हणून त्यांनी सोन्याच्या वाट्या उचलून फळीवर ठेवल्या आणि दिवसभर मोकळ्या गळ्याने कामं केली. त्याच दिवशी खडकांपलीकडे मचवा उलटला. वारं होतं, मचवा जुना होता, आणखी तीन माणसं गेली. त्यांच्या बायकांच्या गळ्यात सगळं जिथल्या तिथे होतं. पण सासूबाईंनी हिशेब एकच मांडला. नवऱ्याला आपण मारलं. त्या हे बोलून दाखवत, अगदी सरळ, भाताला पाणी कमी पडलं म्हणावं तसं.

तेव्हापासून त्या घरातल्या सुनांचे गळे ही त्यांची जबाबदारी. मी आंघोळ करून आले की पहिली नजर माझ्या गळ्यावर. मी चिडायचे. एकदा म्हटलंही, "आई, ता काय उडान जातला?" वैनीने मला डोळ्यांनी दटावलं. वैनीच्या बाबतीत तर काही विचारायलाच नको, कारण तिचा नवरा दर्यावर.

सर्जनने वैनीला तपासलं आणि माझ्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. गाठ चांगली नाही. आधी छातीचा फोटो काढायचा, एक्सरे. रोग फुफ्फुसात गेलेला नसेल तर स्तन काढून टाकायचा, मग बाई जगेल अशी आशा धरायला जागा आहे. गेला असेल तर तिला कापून हाल करायचे नाहीत. म्हणजे वैनीचं जगणं त्या एका फोटोवर टांगलं होतं.

फोटोच्या खोलीबाहेर तिथल्या माणसाने सांगितलं, अंगावर सोनं, पिन, हूक, धातूचं काही नको. सासूबाई हे ऐकूनच होत्या. गावातलं कुणीतरी क्षयासाठी तिथे जाऊन आलं होतं. त्या घरून तयारीनिशी गेल्या होत्या. मंगळसूत्र तुटलं की आमच्याकडे बाईच्या गळ्यात पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून बांधतात, नवं ओवेपर्यंत. सासूबाईंनी ओला हळदीचा दोरा आणि चांगलं जाड हळकुंड कमरेला लावून नेलं होतं. मंगळसूत्र काढून त्यांनी आपल्या पदराच्या गाठीत बांधलं आणि त्याच क्षणी वैनीच्या गळ्यात हळकुंड घातलं. पुढून कुणा परक्या पुरुषाला दिसायला नको म्हणून ते पाठीवर टाकलं, चोळीच्या आत. आत त्या माणसाने विचारलं, धातूचं काही नाही ना? वैनी म्हणाली नाही. खरंच तर होतं.

हे सगळं मला सासूबाईंनीच परत आल्यावर सांगितलं, अभिमानाने. "एक पळय तिचो गळो रिकामो ठेवूक नाय. माझो झील दर्यात आसा."

फोटो काय म्हणाला ते मात्र माझ्या नवऱ्याने सांगितलं. तो शाळेतल्या मराठीत बोलत होता, आपल्या घरच्या बोलीत त्याला ते बोलवेना. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला डाग आहे. रोग तिथे पोचला आहे. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही. हळूहळू खोकला सुरू होईल, मग धाप लागेल. घरी ठेवा, हवं-नको बघा. तो हे बोलत असताना वैनी तिथेच उंबऱ्यावर बसून कुळीथ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

त्या पावसाळ्यात आमच्या घराला जे झालं ते मला नीट सांगता येत नाही, आणि तरी इतक्या वर्षांत ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. जिवंत, हिंडतंफिरतं माणूस घरात होतं आणि सगळे त्याच्याकडे ते नसल्यासारखे बघायला लागले. शेजारणी बघायला यायच्या. वैनी त्यांना पाट मांडून द्यायची, गूळपाणी द्यायची, आणि त्या तिच्या हातून घेताना बोटं आखडायच्या. तिच्यासमोर म्हणायच्या, "बरी होती गो." होती. एकीला मी विचारलं, "कोण बरी होती? ही? ही तुमच्या फुड्यात उभी आसा." ती पुन्हा आली नाही, त्याचं मला सुख झालं. एकदा तिन्हीसांजेला वैनी कंदील घेऊन घरापुढच्या खळ्यात उभी होती, तर वाटेने जाणारा शेजारचा बाप्या एवढा दचकला की हातातली मासळीची पिशवी टाकून वळला. वैनीने ती उचलून त्याच्या घरी पोचवली.

आणि आम्ही सगळे खोकल्याची वाट बघत होतो. वाट बघत होतो हाच शब्द खरा. वैनी आत गेली की आमचे कान तिच्यामागून जायचे. चुलीचा धूर लागून ती ठसकली तर सासूबाईंचे हात जागच्या जागी थांबायचे. पण खोकला काही येत नव्हता. पावसाची झड, माडांचा आवाज, आणि त्याखाली आम्ही तिचा श्वास ऐकत असू. तिला हे कळत होतं. ती कामं करताना मुद्दाम गुणगुणायची, म्हणजे आम्हाला ऐकू यावं की सगळं ठीक आहे.

सासूबाई देवीकडे कौल लावायला गेल्या. देवळात मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा; उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. फुफ्फुसातला डाग देवी पुसेल काय, असं त्यांनी विचारलं. उजवी कळी पडली. सासूबाईंनी देवीला लुगडं आणि ओटी बोलून ठेवली.

फोटोची प्लेट घरी होती. खाकी पाकिटात घालून ती माळ्यावरच्या पेटीत ठेवलेली. ती काढून बघू नये असं सगळ्यांना वाटायचं, जणू बघितलं की डाग वाढेल. मी बघायचे. कुणी नसलं की मी ती खिडकीशी धरायचे. बाहेर पावसाच्या उघडिपीत वैनी खळ्यातलं पाणी झाडूने लोटत असायची आणि इथे माझ्या हातात तिच्या बरगड्या. पांढऱ्या, बारीक, एकीखाली एक. मला वाटायचं, प्लेट जरा खाली केली की बाहेर कुणीच नसेल. मी ती खाली करायचे आणि वैनी असायची. मग पुन्हा वर धरायचे. हा खेळ मी का खेळायचे ठाऊक नाही, पण पुढे कितीतरी दिवस मला जेवणाऱ्या माणसांचे जबडे आणि पाणी काढणाऱ्या बायांच्या हातांची हाडं दिसायला लागली होती.

तो डाग मला पाठ झाला. अंगठ्याएवढा लांबट, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाशी बाजूला फुटलेला एक छोटा कोंब. कडा किंचित धूसर. भिंतीवर ओल आली तर मला त्यात तोच आकार दिसे.

श्रावणात दोनचार दिवस ऊन पडलं. चवथीच्या आधी हळद कुटून ठेवायची म्हणून सासूबाईंनी मडक्यातली हळकुंडं काढून सुपात दिली, उन्हात घाल म्हणाल्या. मी खळ्यात बसून ती एकेक पसरत होते. एक हातात आलं आणि मी तिथेच थांबले. लांबट, एका टोकाला निमुळतं, दुसऱ्या टोकाशी बाजूला कोंब. मी ते घेऊन आत गेले, प्लेट काढली, आणि खिडकीशी धरून हळकुंड त्या डागाशेजारी ठेवलं. डाग जरा मोठा होता. पण तोच होता. सगळी हळकुंडं अशीच असतात म्हणा. म्हणूनच माझी खात्री पटली.

मी खिडकीशी उभी राहून एकटीच हसत होते. आनंदाने, हे मला सांगायला हवं. मला वाटलं, वैनी वाचली.

नवरा जामसंड्याला शाळेत असायचा, शनिवारी यायचा. तो आल्या आल्या मी त्याला माळ्याखाली ओढून नेलं आणि सगळं सांगितलं. त्याने प्लेट उजेडात धरली, हळकुंड हातात फिरवलं आणि मान हलवली.

"अगो, गळ्यात दोरो होतो मां? मगे दोरो खंय दिसता?"

दोरा दिसत नव्हता.

"दोरो दिसणा नाय, चोळी दिसणा नाय. अंगावरला काय दिसत नाय ह्यात, अंगातला दिसता. मगे हळकुंडच कसा दिसतला?"

मी सातवीपर्यंत शिकलेली, तो मास्तर. त्याचं म्हणणं मला खोडता येईना, आणि आपण बरोबर आहोत हेही मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, एकदा परत नेऊया, काय बिघडलं? तो म्हणाला घाटात दरड कोसळलीय, पाऊस संपू दे. आणि आईला काय सांगायचं? डॉक्टर चुकला म्हणून? तो आवाज न चढवता बोलत होता. मला त्या आवाजाचाच संताप आला.

मग मी वैनीला सांगितलं. ती विहिरीवर कपडे आपटत होती. तिने हातातलं लुगडं पिळलं, दगडावर ठेवलं, आणि ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उजळलं, ते मी पाहिलं. क्षणभर ती कुणीतरी अठरा वर्षांची मुलगी दिसली. मग ते विझलं.

"आईक काय सांगशीत?"

"खरा ता सांगूया."

"तुमच्या हळकुंडापायी हिचा ऑपरेशन ऱ्हवला, असा?"

"ऱ्हवला ताच मां?"

"ती आदीच एक मरण उरार घेवन फिरता गो. तिका माझा आनी कित्याक देव?"

मी भांडले. त्या विहिरीवर मी वैनीशी जेवढी भांडले तेवढी आयुष्यात कुणाशी भांडले नाही. तुझ्या जिवाचं काय, म्हटलं. सासू म्हातारी, तू बत्तीस वर्षांची, म्हटलं. तिने माझ्या डोक्यावरून ओला हात फिरवला आणि म्हणाली, तुझे भाऊजी येऊ देत, मग ते नेतील तपासायला, तेव्हा दुसरा फोटो निघेल, कुणाला काही सांगावं लागणार नाही. तिला हा मार्ग सोपा वाटला. मला आजही त्या शहाणपणाचा राग येतो. मी सांगितलं होतं, दोघांनाही सांगितलं होतं, त्यामुळे दोष माझ्याकडे ओढून घ्यायची मला हौस नाही. पण राग आहे, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

भाऊजी दिवाळी उलटल्यावर आले, मुंबईहून आगबोटीने. वाटेत त्यांच्या जहाजाने मोठं वादळ खाल्लं होतं. सासूबाईंनी त्यांच्यावरून मीठमिरच्या ओवाळल्या आणि वैनीला म्हणाल्या, "बघ, तुझो गळो रिकामो ठेवलंय नाय म्हणान माझो झील घराक इलो." वैनी म्हणाली, होय आई.

तोवर आवळ्याएवढी गाठ लिंबाएवढी झाली होती आणि वरची कातडी आत ओढली गेली होती. भाऊजींनी ते पाहिलं आणि चारच दिवसांत तिला घाटावर न्यायचं ठरवलं. या खेपेला मी हट्ट धरून गेले. सासूबाईही आल्या. माळ्यावरची जुनी प्लेट आम्ही बरोबर नेली. पुन्हा पदराच्या गाठीत मंगळसूत्र, पुन्हा पिवळा ओला दोरा, पुन्हा पाठीवर हळकुंड. फोटोच्या खोलीत वैनीबरोबर मी एकटीच गेले. दार लागताच तिने दोरा डोक्यावरून काढून माझ्या मुठीत दिला. मी मूठ मिटून भिंतीशी उभी राहिले. त्या माणसाने मला बाहेर घालवलं, फोटो काढला, आणि तिथून आम्हाला सरळ डॉक्टरांच्या तपासायच्या खोलीत नेलं. हळकुंड माझ्या मुठीतच राहिलं.

डॉक्टर तेच, पहिल्या खेपेचे सर्जन. वयस्कर होते, सभ्य. त्यांनी वैनीला तपासलं, काखेत पुष्कळ वेळ बोटं दाबून बघितलं. मग भाऊजी आणि सासूबाईंना आत बोलावलं. जुनी आणि नवी अशा दोन प्लेटा उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या होत्या. नवी अजून ओली होती. जुन्या प्लेटवर डाग होता. नवीवर काहीच नव्हतं.

"फुफ्फुसं स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी हात जोडले. "देवीन राखल्यान." मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, फुफ्फुसं स्वच्छ आहेत, पण गाठ आता छातीच्या भिंतीला धरली आहे आणि काखेत उतरली आहे. आता काढता येणार नाही. उन्हाळ्यात काढता आली असती. मग त्यांनी जुन्या प्लेटवरच्या डागावर बोट ठेवलं.

"हा डाग असा आपोआप जात नाही. बाई, त्या दिवशी तुमच्या पाठीवर काही होतं का? ताईत, वेणीतलं काही? धातूच लागतो असं नाही. धागा दिसणार नाही, पण त्यात बांधलेलं एखादं जाड मूळही असं दिसू शकतं."

माझ्या नवऱ्याने हे ऐकायला हवं होतं. मी तोंड उघडलं. वैनीने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दाबून धरला.

"नाही डॉक्टर," ती म्हणाली. "काही नव्हतं."

घरी कधी न बोललेल्या, कचेरीतल्या मराठीत तिने ते म्हटलं. डॉक्टरांनी जुनी प्लेट पेटीवरून उतरवली. मग म्हणाले, तर मग चूक माझी. मी सावलीला रोग समजलो. त्यांनी वैनीपुढे हात जोडले. भाऊजी उभे होते, त्यांच्या मुठी वळलेल्या. त्यांनी त्या डॉक्टरला मरेपर्यंत शिव्या दिल्या, आणि मला माहीत होतं की त्या शिव्या चुकीच्या दारात पडत आहेत.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. मंगळसूत्र घालायला वैनीचा पदर बाजूला केला, दोरा सोडायला मानेमागे हात नेला. तिथे काही नव्हतं. त्यांनी पाठीवर हात फिरवला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मूठ मिटलेली होती. त्यांनी माझं मनगट धरलं, मी मूठ उघडली. घामाने दोऱ्याचा रंग उतरून तळवा पिवळाधमक झाला होता.

सासूबाई तो तळवा बघत राहिल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण आत काय बोलणं झालं ते त्यांनी ऐकलं होतं. डॉक्टर 'जाड मूळ' म्हणाले होते, तेही. त्यांनी वैनीच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं, पदर सारखा केला, आणि बाकावर जाऊन बसल्या. येताना आंबोलीला गाडी थांबली. धुकं होतं, टपरीवरून भाऊजींनी चहा आणून दिला. सासूबाईंच्या हातात तो कप निवून गेला.

गावाने चमत्कार झाला म्हटलं. छातीतला डाग देवीने पुसला. सासूबाईंना बोलल्याप्रमाणे लुगडं आणि ओटी घेऊन देवळात जावं लागलं. बायका त्यांना कौलाची हकीकत पुन्हा पुन्हा विचारायच्या आणि त्या सांगायच्या. घरी आल्या की विहिरीवर जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत बसायच्या.

वैनी शिमग्यापासून अंथरुणाला लागली. गाठ फुटली होती. कडुनिंबाच्या पाण्याने ती जखम धुवायचं काम सासूबाईंनी मला करू दिलं नाही. वास असा होता की भाऊजी पडवीत जाऊन बसत. सासूबाईंनी नाकाला पदर लावला नाही. जखम धुवून झाली की त्या वैनीच्या उशाशी बसायच्या. वैनीचा श्वास सरळ चालायचा. ना खोकला, ना धाप. आत, बाहेर, आत, बाहेर. रोग सगळीकडे पसरला, हाडांत उतरला, पण त्या फुफ्फुसांत तो कधी गेला नाही. एकदा खोकला आला असता तर फोटोतला डाग खरा ठरला असता. सासूबाईंना तो श्वास ऐकवत नव्हता आणि तिथून उठवतही नव्हतं. दोघी एकमेकींशी पेजेबद्दल बोलायच्या, गायीबद्दल बोलायच्या. त्या गोष्टीबद्दल कधी नाही.

एका दुपारी मी पेज घेऊन खोलीच्या दाराशी आले. सासूबाई वैनीच्या तोंडाजवळ वाकल्या होत्या.

"बाय," त्या म्हणाल्या, "एकदा तरी खोक गो."

वैनीने डोळे उघडले. तिने सासूबाईंकडे पाहिलं. मग तिने तोंडावर हात धरला आणि ती खोकली. जखम ओढली गेली असणार, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती पुन्हा खोकली, या वेळी जरा जोरात. सासूबाई तिची पाठ चोळायला लागल्या आणि दाराकडे न बघता मला म्हणाल्या, "पाणी हाड गो. खोकलो लागलो हिका."

मी पाणी आणलं. मला दोघींचा इतका राग आला होता आणि दोघींसाठी इतकं तुटत होतं की मी तिथे उभी राहू शकले नाही.

त्यानंतर सासूबाई उशाशी येऊन बसल्या की वैनी थोडं खोकायची, रोज. शेवटच्या दिवशी तिच्यात तेवढी ताकद उरली नव्हती. ती डोळे मिटून पडली होती आणि श्वास तसाच सरळ चालला होता. सासूबाई सकाळपासून कान देऊन बसल्या होत्या. दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"आज एकदाय खोकाक नाय मां गो ही?"

त्या घरात खरं बोलणारी म्हणून माझीच ओळख होती. मी त्यांच्याशेजारी बसले.

"सकाळी खोकली, आई," मी म्हटलं. "खूप खोकली. तुमी न्हाणयेत होत्यात."